मास्तरांचा एक शब्द

बिरशेबाच्या इस्पितळातून परतताना मास्तरांच्या बायको साराबाई बसमधून एकट्याच उतरल्या, हातात मास्तरांचा चष्मा. मास्तर गेले, ते त्यावरूनच कळलं... त्याला आता महिना होऊन गेला. मुंबईच्या शाळेत मास्तरांनी जन्मभर इंग्रजी आणि लॅटिन शिकवलं, इथे इस्राएलात, येरुहामला कारखान्यात खोकी उचलली, पण खोड काही गेली नाही. शब्द शेंगेसारखा सोलल्याशिवाय सोडायचे नाहीत. शेजारी माझ्याकडे भाजी निवडायला बसले तरी बाई गं, शिकवणी सुरू!

गेल्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ सॅमसन बिऱ्हाड घेऊन मुंबईला परत गेला. मुलीचं लग्न ठरलेलं, आणि आम्ही हिंदुस्थानातून आलेले म्हणून लग्न लावणाऱ्या रब्बींनी तिची आजी-पणजी खरी यहूदी होती का, याचा पुरावा मागितला. तो अपमान त्याला गिळवेना. बसथांब्यावर सगळ्यांदेखत मास्तर त्याला म्हणाले, "डेझर्टर!" सॅमसनने मान खाली घालून ट्रंक उचलली.

त्यानंतर मास्तरांना जेवण जाईना. मी चांगलं खडसावलं, तेव्हा बोलले.

"राहेल, लॅटिनमध्ये सेरेरे म्हणजे ओवणं, जोडणं. आधी 'दे' लागला की जोडणी सुटते. त्यातूनच डेझर्टर; फौज सोडून पळणाऱ्याला रोमन लोक तोच शब्द लावायचे. पण सुटायला आधी ओवलेला असावा लागतो गं... माझ्या भावाला इथे कोणी ओवून घेतलं?"

आणि ते माझ्यासमोर रडले. मग लिहा ना त्याला तसं, मी म्हटलं. तर म्हणे, चारचौघांत बोललो, ते पाकिटात घालून कसं परत घेऊ? तो समोर हवा. तो येण्याआधी मास्तरच गेले. मला फार राग आला त्यांचा, अजून येतो.

मास्तरांच्या महिन्याच्या प्रार्थनेला सॅमसन मुंबईहून आला. सिनेगॉगमध्ये पाहुण्यासारखा दाराशी टेकला. बायकांच्या पडद्याआडून बघताना माझा जीव तुटत होता. तेवढ्यात तिथली व्यवस्था पाहणारे मोरोक्कोचे आजोबा उठले. त्याचा हात धरून त्याला पुढे, मास्तरांच्या बाकापाशी घेऊन गेले आणि हिब्रूत म्हणाले, "शेजारच्या जागेवर तुझ्या भावाने वर्षभर कोणाला बसू दिलं नाही. कितीही गर्दी असो. माझा भाऊ यायचाय, म्हणायचा."

सॅमसन बसला. मग जरा कडेला सरकला. मास्तर अंगाने मोठे, त्यांना जागा लागायची.