सत्कार आधी, तपासणी नंतर

सांगलीच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. कडेगावकडचा निवृत्त फौजी, कुत्रं चावल्याची तिसरी सुई घ्यायला आलेला. पाठ कुठंही न टेकता ताठ बसलेला.

आम्ही पाचजण नेपाळच्या ट्रेकसाठी टायफॉइडची लस आणि तंदुरुस्तीचा दाखला घ्यायला आलो होतो. आमचा सत्कार मात्र आधीच उरकला होता. चौकात शुभेच्छांचा फलकही झळकत होता. आमचे बासष्ट वर्षांचे म्होरके फॉर्म भरणाऱ्या नर्सला हळूच म्हणाले, "चढताना छातीत भरून येतं, ते लिहू नका. आता फलक लागलाय."

फौजी ताडकन उठला. "आवं, फलक उतरवाय दोन माणसं लागत्यात. डोंगरावनं तुमास्नी उतरवाय आठ लागतील, आन् त्यातला एखादा परत यायचा न्हाई. मी उतरवल्यात माणसं!"

म्होरके हसले. "आम्ही रोज चालतो हो."

"आमच्यातला मेला त्योबी रोज पळत हुता."

आपला नंबर सोडून त्यानं त्यांना दंडाला धरून आत नेलं. "डॉक्टर, ह्यांची छाती आधी बगा!"

म्होरक्यांना दाखला मिळाला नाही. परतताना म्होरके फौजीला शिव्या घालत होते आणि आम्ही चौघं माना डोलवत होतो. सरावाच्या वेळी अजिंक्यताऱ्यावर त्यांना छाती धरून बसलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या परक्या माणसाला पाच मिनिटांत आलेला राग मला सरावाच्या सहा महिन्यांत आला नाही, कारण फलकावर माझाही फोटो होता.