इंद्राच्या वेलीचा काढा

"औषध नाही गं, काढा आहे," असं म्हणून काका स्टीलच्या पेल्यातलं काळं पाणी माझ्यासमोरच पीत. कॅनडातल्या रेजिनात मी त्यांची शेजारीण, त्यात फार्मसिस्ट. डिवचायला दुसरं कोण मिळणार?

असा एखादा काका तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर. व्हॉल्व्हवर शिक्का नाही म्हणून यांनी कारखाने बंद पाडलेले. आणि स्वतःच्या सांधेदुखीवर काय, तर टोरांटोच्या कुठल्याशा चिनी दुकानातून पोस्टानं आलेली, लेबलसुद्धा नसलेली एका वेलीची मुळी. त्या वेलीला चिनी लोक मेघगर्जनेच्या देवाचं नाव देतात एवढं कळल्यावर काकांनी तिची इंद्राची वेल करून टाकली. "म्हणजे आपलीच. गुळवेलीची बहीण."

मी सांगून पाहिलं, ही विषारी असते. साल काढूनही भरवसा नाही, सालीसकट तर मूत्रपिंडंच जातील.

"सालीतच सत्त्व असतं," काका म्हणाले. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या घरातला माणूस, दुसरं काय बोलणार.

हट्ट सगळा पेटीसाठी. मंडळाच्या गणपतीत आरतीला पेटी काकांचीच असे आणि आता बोटं वळेनाशी झाली होती. त्या वर्षी मात्र शेवटच्या आरतीपर्यंत वाजवली. मग बोटं माझ्या तोंडापुढे नाचवून म्हणाले, "सांग तुझ्या औषधकंपन्यांना."

बर्फ पडायच्या आत ते हॉस्पिटलात होते. मी तेव्हा नाशिकला गेले होते. डॉक्टरनं विचारलं, "एनी अदर मेडिकेशन्स?" काका ठामपणे "नो" म्हणाले. काढा औषधात धरायचाच नसतो, मग खोटं कुठे बोलले? काकू शेजारी बसून गप्प राहिल्या.

परतल्यावर मी डॉक्टरला सगळं सांगितलं. मी चहाडी केल्यासारखे काका माझ्याकडे बघत राहिले. "गोऱ्यांपुढे अब्रू घालवलीस," एवढंच म्हणाले. तोवर मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्यातून ते उठले नाहीत. इतक्या शिकलेल्या माणसाचा इतका अडाणी मृत्यू, मला अजून चीड येते.

फ्युनरल होममध्ये काकूंनी माझा हात धरून काकांच्या हातावर ठेवला.

"बघ," त्या म्हणाल्या, "बोटं किती सरळ झाली होती."

मी पाहिलं. खरंच सरळ होती. "हो काकू," मी म्हणाले.