शेळीनं खाल्लेलं समन्स
खळीचा वास आला, की मला आजही धाप लागते. पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. चाकणच्या आमच्या चहाच्या दुकानावर चिकटवलेलं समन्स आमच्याच शेळीनं खळीसकट खाल्लं, आम्हाला तेव्हा पत्ताच नाही, आणि जागा खाली करण्याचा दावा एकतर्फी जागामालकाच्या बाजूनं लागला. बेलीफ म्हणाला, "आज चारला कुलूप ठोकणार." स्थगितीसाठी मी सायकलीवर खेडच्या कोर्टाकडे सुटलो, वाटेत चेन शंभरदा पडली, घड्याळ मात्र एकदाही थांबलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "शेळीनं खाल्लं, याला पुरावा?" म्हणालो, "साहेब, लेंड्या आणू?" कोर्ट हसलं, सही झाली. परतलो तेव्हा शेवटचं बाकडं बाहेर निघत होतं. हुकूम वाचून बेलीफ म्हणाला, "चिकटवू दारावर?" बायको किंचाळली, "नगा भाऊसाहेब, शेळी सुटीच हाय!" तो हुकूम अजून माझ्या ट्रंकेत कुलपात आहे.