बिंदूवर उभे राहणारे मामा

पृथ्वीच्या पाठीवर आपण नेमके कुठे उभे आहोत, हे जागेपणीच्या प्रत्येक क्षणी ठाऊक असणारा एकच माणूस मी पाहिला आहे. ते म्हणजे माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीचे मामा. मला त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे. मामा कळसाडीचे, भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेले जमीन मोजणीदार. निवृत्तीनंतर त्यांनी जिल्ह्यात नकाशा काढणाऱ्यांचं एक मंडळ जमवलं. त्यात एक शिक्षक, कपाशीवर ड्रोनने फवारणी करणारा एक दादा आणि आम्ही काही कॉलेजची मुलं. महिन्यातल्या एका रविवारी नंदुरबारला वाचनालयाच्या खोलीत आम्ही भेटायचो. मामा आधी चपला काढून उत्तरेकडे तोंड करून बसत, मग चहा घेत. विसरवाडीला एकदा मैलाचा दगड आपल्या जागी आहे का हे बघायला ते एस.टी.तून उतरले आणि बस निघून गेली. मामांना त्याचं दुःख नव्हतं, दगड सरकलेला निघाला याचं होतं. मुलाच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी पत्त्याऐवजी अक्षांश-रेखांश छापले. नवापूरचे पाहुणे फोन बघत बघत अचूक मांडवापाशी पोचले, पण उसातून. कुसळांनी खाजत आलेल्या व्याह्यांना मामा म्हणाले, "बिंदू ते बराबर शे! रस्ता तुमले सापडना नही, त्याले मी काय करू?"

त्यांचा नियम एकच होता. घर नकाशावर टाकायचं तर त्या घराच्या उंबऱ्यावर, घरच्यांना विचारून, स्वतः उभं राहायचं. वरून काढलेल्या फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्या सातपुड्यात तो ठेवून चालतही नाही, कारण घरं एकेका टेकडीवर एकेक, आणि मोहाच्या झाडाखाली छप्पर दिसत नाही. माझा पाडा धडगावच्या वर आहे. तिथे रस्ता नाही. आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात. माझ्या काकूला तसंच आणलं होतं. नव्या रस्त्याच्या पाहणीसाठी पाड्यांचे नकाशे एका मंगळवारपर्यंत तालुक्याच्या कार्यालयात द्यायचे होते. नकाशावर नसलेल्या घराकडे पाहणी होणार नव्हती. आमच्या पाड्याची घरं मोजायचं काम मामांनी माझ्यावर टाकलं.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभी राहिले. भिंतीवर नकाशा उघडला, आणि आमचा सगळा पाडा नॉर्वेच्या वरच्या समुद्रात! मी अक्षांशाच्या रकान्यात रेखांश भरले होते.

"मामा, हिना पाडा ते बरफना समुद्रमा शे!" ड्रोनवाला दादा ओरडला. "हिले स्वेटर लई द्या!"

सगळे हसले. मला वाटलं, आता सरळ हॉस्टेल गाठावं आणि परत या खोलीत येऊ नये. मामा मात्र म्हणाले, "हसू नका रे. पहिल्या खेपले मीबी असंच करेल शे." त्यांनी दोन रकान्यांची अदलाबदल केली आणि पाडा समुद्रातून उठून सातपुड्यात येऊन बसला. टाळ्या वाजल्या. पण नाल्यापलीकडची तीन घरं मामा चष्मा वर करून बघत राहिले.

"उंबरावर उभी ऱ्हायनी व्हती का, पोरी?"

मी खोटं बोलू शकले असते. त्या दिवशी मी थकले होते. नाला न ओलांडता ती तीन घरं अलीकडूनच अंदाजाने टाकली होती. "नाही, मामा," मी म्हटलं.

शिक्षक समजुतीने म्हणाले, "मामा, शंभर पावलांनी काय फरक पडस?"

"ज्याना घरमा मानूस आजारी शे, त्याले इचार. मंग उद्या जानं शे."

सोमवारी पहिल्या बसने आम्ही निघालो. धडगावपासून जीप, पुढे पायी. मामांचा उजवा गुडघा चढणीवर कुरकुरत होता, ते त्याला दटावत, "गप ऱ्हाय." नाला ओलांडताना त्यांनी माझा खांदा धरला. तिन्ही उंबऱ्यांवर मी विचारून, चपला काढून उभी राहिले. ते अंगणात उभे राहून फोनवरचे आकडे माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत, एकदा नव्हे, दोनदा. तिसरं घर माझ्या अंदाजापासून इतकं दूर निघालं की मधे अख्खी दरी होती. मंगळवारी दुपारी आम्ही नकाशा कार्यालयात दिला.

पाहणीचे साहेब आले तेव्हा ते नाला ओलांडून त्या तिन्ही घरांपर्यंत गेले. मी मामांना फोन केला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ते कळसाडीला पलंगावर होते. साहेब उंबऱ्यापर्यंत गेले का, हे त्यांनी आधी विचारून घेतलं. मग म्हणाले, "आते मन्हाकडून चढाई व्हवाव नही, बेटा. तू जाय."

आता दर सुट्टीत मी शेजारचे पाडे मोजते. परवा बाबांनी आमच्या बोलीत विचारलं, "तो म्हातारा परत कधी येणार?" मी म्हटलं, त्यांना चढवत नाही. "मग रस्ता झाला की गाडीने येईल," बाबा म्हणाले. रस्ता अजून मंजूरही झालेला नाही. पण बाबा अंगणातले दगड उचलून कडेला रचत होते, जीप वळायला जागा हवी म्हणून. मीही पदर खोचला आणि एक दगड उचलला.