बाबाची कॅन अन् अमेरिकेची गाडी

गाडी बंद पडली तवा पोरगी माह्या मांडीवर होती. एसी बंद झाला अन् दोन मिनिटात तिचं आंग तापाले लागलं. काच खाली केली तं बाहेरून भट्टीवानी झळ. मूर्तिजापूर अजून आलं नोतं, मागून ट्रकावर ट्रक, एकेक ट्रक बाजूनं गेला की आमची गाडी हाले. हे चाबी फिरवून राहिले, फिरवूनच राहिले, इंजन घर्र घर्र करे, ठसका दे अन् गप. मागून पांढरा धूर. पोरगी पहिले लय रडली अन् मंग एकदम चूप झाली. ते चूप झाली तवा मी वरडली.

"उतरा! पेट घेते हे गाडी!"

"पेट नाई घेत वं, तू पहिले पोरीले सावलीत ने."

"कुठी हाये सावली? दाखवा मले एक तरी झाड!"

रस्ता मोठा करताना सारे कडूलिंब तोडले होते. मी पाच महिन्याचं लेकरू पदराखाली घेऊन गाडीच्याच सावलीत बसली, अन् तिच्यावरच माहा भरोसा नोता. एक एसटी थांबली, कंडक्टरनं आपली पाण्याची बाटली देल्ली, मी पदर ओला करून पोरीच्या टाळूवर ठेवला, तवा तिनं डोये उघडले. तितका वेळ मी काय काय बोलली असंन याइले, ते आठवलं तं अजून लाज वाटते.

तुमी ज्या माह्यासारख्या गाव सोडून अकोल्याले, पुण्याले, कुठी कुठी गेल्या, अन् ज्या भातकुलीतच राहिल्या, तुमच्यासाठीच हे लिहून राहिली. नववीतून शाळा सुटली माही, अक्षर अन् शुद्धलेखन पाहू नका.

त्या दिवशी सकाळी आमी भातकुलीहून निंघालो होतो. लगन होऊन मी परतवाड्याले सासरी गेलती, बाळंतपणाले बाबाच्या घरी आली, तवर याइले अकोल्याले दालमिलात काम लागलं. मंग आता घर अकोल्याले. मले अन् पोरीले न्यायले हे गाडी घेऊन आले. जुनी, लहानशी, डिझलची, अमेरिकेच्या कंपनीची. मले पाह्यल्याबरोबर डाउट आला. ते कंपनी इथलं दुकान बंद करून चालली गेली हे मले मालूम होतं. चांगली असती तं गेली कायले असती? काई तरी दडवलं असंनच ना. विकणाऱ्यानं धुऊन पुसून देल्ली तं अजूनच डाउट. इतकी चकाचक काहून?

हे म्हणे, "अवं, त्याइचा धंदा नाई चालला म्हणून ते गेले. गाडीत काई खराबी नाई. दार लावून पाह्य, तिजोरीवानी आवाज येते."

मी दार लावून पाह्यलं. तिजोरीवानीच आला. पण तिजोरीत माणसं बसत नाई.

बाबा कमरेवर हात ठेवून गाडीभोवती दोन चकरा मारून आले. "अमेरिकेच्या माणसाले काय मालूम आपली धूळ अन् आपलं ऊन?" पण जवायासमोर जास्त नाई बोलले. आईनं माही ओटी भरली. ते झाल्यावर बाबा मळ्यातून कॅन घेऊन आले. आमचा झेंडूचा अन् शेवंतीचा मळा, लाइन गेली की विहिरीवरचं जुनं इंजन लावा लागते, त्याच्या डिझलची ते कॅन. बाबा म्हणे, "लेकीची ओटी भरली, मंग तिच्या गाडीची काहून रिकामी ठेवाव?" नरसाळं लावून सारी कॅन रिकामी केली टाकीत. साऱ्याइले हासू आलं. आई रडून राहिली होती, ते बी हासली. मले इतकं बरं वाटलं, की तितक्यापुरता गाडीवरचा डाउट मी विसरली.

अन् ते गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडं मेली.

ट्रॅक्टरले दोर बांधून, टोचन करून तिले मूर्तिजापूरच्या एका मिस्तरीकडं नेलं. म्हातारे चाचा, पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत काळे. फिल्टर नवा पाहिजे होता, तो आणाले हे बसनं अकोल्याले गेले. चाचाच्या बायकोनं मले कूलरसमोर बसवलं. थोड्या वेळानं चाचानं बलावलं. टाकीतलं डिझल त्याइनं काचेच्या बरणीत काढलं होतं. वर डिझल, खाली पाणी, पाण्याच्या खाली गाळ. अन् गाळात निळे धागे.

"बेटा, हे पंपावरचं तेल नाई. शेतातलं इंजन काई बी पिऊन घेते, पानी बी पिते. हे इंजन मजबूत हाये, लेकिन याचं तोंड नाजूक. कचरा देखा अन् बंद झालं, म्हणून तं वाचलं. कोनी भरलं?"

मी धाग्याकडं पाहून राहिली. कॅनचं झाकण कधीचंच हरवलं होतं. माही शाळा सुटली तवा शाळेची निळी ओढणी बाबानं फाडली अन् तिचा बोळा कॅनच्या तोंडात कोंबला. तोच बोळा आजपर्यंत. धागे माहेच होते.

"मालूम नाई," मी म्हटलं. मंग म्हटलं, "चाचा, याइले सांगू नका. गाडीच खराब हाये म्हणा."

"झूट बोलाची आदत नाई मले बेटा. मी काईच नाई बोलत."

हे आले तं मीच सांगतलं, की चाचा म्हणे गाडीचाच आतला पंप बिघडला, अमेरिकन मालच तसा. चाचा खाली मान घालून पाना फिरवत राहिले. बाबाचा फोन आला तं त्याइले बी तेच सांगतलं. बाबा म्हणे, "मी म्हटलंच होतं."

दोन वर्ष झाले. अकोल्याले दोन खोल्या हायेत, याइच्या कपड्यावर दालमिलाची पिवळी भुकटी. भातकुलीले मी उठली की झेंडूचा वास, इथं दसऱ्याले झेंडू विकत घेते अन् फुलवालीले म्हणते, हा कालचा हाये. नळ कवा येते, शिफ्ट कवा सुटते, पोरीचा डोस कवा हाये, आता हेच बोलणं. अन् गाडी? एक डाव बंद नाई पडली, बाप्पा. पोरीले ताप आला तवा तिनंच दवाखान्यात नेलं, पहिल्या चाबीले सुरू झाली. मी मात्र अजून बी कान देऊन बसते, आता ठसका देते का, मंग देते का. खरं मालूम असून बी माहा जीव भेते.

अन् दुसरा डाउट याइच्यावर. भातकुलीले जायाचं असलं की हे अमरावतीच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत फुल करतात. भातकुली तं तिथून हाकेवर. बाबा कॅन घेऊन येतात, दोन थेंब जातात अन् डिझल बाहेर सांडते. हे म्हणतात, "अरे, भरलेलीच होती वाटते." काहून करतात असं? मूर्तिजापूरवरून एकटे बी जातात, चाचानं सांगतलं असंन का? मी इचारलं नाई. इचारलं तं मले बी सांगा लागंन.

मागच्या महिन्यात भावाचं साक्षगंध होतं, साखरपुडा म्हणा. मांडवात साऱ्याइसमोर काका म्हणे, "काय जवाईबापू, चालवत आणली का ढकलत?"

हे हासले. "तुमी सोबत नोते काका, मंग ढकलंन कोण?"

लोक हासले. पण बाबा नाई हासले. संध्याकाळच्या आत निंघाचं होतं, मी पोरीले घेऊन गाडीजवळ गेली तं बाबा दारासमोर उभे. "या गाडीत मी माही नात नाई पाठवत. त्या डावाले लेकरू हातचं चाललं होतं. माणसानं हौस कराव, पण लेकराच्या जीवावर नाई. पोरगी बसनं जाईन."

याइचं तोंड इतकुसं झालं. याइनं माह्याकडं पाह्यलं. ओसरीत बाबाची कॅन ठेवेल होती, तोंडात तोच निळा बोळा. मले एकच वाक्य बोलाचं होतं. बोलली असती तं याइची मान वर झाली असती, अन् बाबाले कळलं असतं की नातीचा जीव त्याइच्याच हातानं जाणार होता. बाबाचे हात तवा पोरीच्या केसावरून फिरून राहिले होते.

मी बसमध्ये बसली.

अमरावतीहून अकोल्यापर्यंत मागच्या सीटवर, मागच्या काचेले तोंड लावून. हे बसच्या मागं मागं, रिकामी गाडी घेऊन. बस थांबली की ते थांबत, बस निंघाली की ते निंघत. मूर्तिजापूरच्या अलीकडं, तिथंच, मी श्वास धरून पाह्यलं. गाडी काई थांबली नाई. पोरगी गाडी पाहून काचेवर हात आपटे अन् म्हणे, "आपलं घर! आपलं घर येऊन राहिलं मांगून!" अन् मी मागं राहिलेल्या भातकुलीकडं पाहाव की तिच्या त्या गाडीकडं, मलेच समजलं नाई.

याइनं अजून काई इचारलं नाई. बाबा रोज फोनवर म्हणतात, विकली का ते गाडी? अन् हे आता खरंच गिऱ्हाईक पाहून राहिले.

सांगा बायांनो, तुमी असत्या तं काय केलं असतं?