निळ्या ठिपक्याचा मुंगळा

मुंग्या मारायच्या पावडरीचा उग्र वास आज किराणा दुकानात नाकात शिरला आणि माझं डोकं सणकलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आर्णीकडच्या एका कॉलेजात शिकवायचे, तेव्हा प्रयोगशाळेमागच्या कडुनिंबाखाली मुंगळ्यांचं एक वारूळ सहा महिने अभ्यासत होते. कोण अन्न आणतो, कोण अळ्या सांभाळतो हे कळावं म्हणून एकेकाच्या पाठीवर सुईच्या टोकानं रंगाचा ठिपका दिला होता. हेच काम बघायला बाहेरून समिती येणार होती. त्या सकाळी मी निंबाखाली पोचले तर तिथं सडा घातलेला, रांगोळी काढलेली, आणि वारुळाच्या तोंडाशी पांढरी पावडर. लाल-पिवळ्या ठिपक्यांचे मुंगळे उलटे पडून पाय झाडत होते. निळ्या ठिपक्याचा एक स्वतः लटपटत मेलेल्याला ओढून बाहेर नेत होता. "हे काहून केलं?" मी शिपायावर ओरडले. "प्राचार्य सायबानं सांगतलं, मॅडम. पाहुण्यायले चावले असते तं?" तो गोंधळून म्हणाला. प्राचार्य तर हसले. "फोटो आहेत ना? ते दाखवा की!" राग गिळून मी समितीला गुच्छ दिले, फोटो दाखवले. "कॉलेजचं सहकार्य कसं आहे?" त्यांनी विचारलं. प्राचार्य शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "उत्तम." धोका दिसला की मुंगळा वास सोडून सगळ्या वारुळाला सावध करतो, हे मी आजही वर्गात शिकवते, आणि दर वेळी माझ्या त्या 'उत्तम'ची मला चीड येते.