दोन जन्मतारखांचा गोलकीपर

चेंडू हातात आला की तो आधी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघायचा, मग कानाशी नेऊन हलवायचा. आत कुणी बोलतंय का ते ऐकत असल्यासारखा. मुलं रांगेत ताटकळलेली, मी घड्याळाकडे बघतेय. नऊ म्हणजे नऊ, हा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच. "मॅडम, आधी चेंडूला विचारू," तो म्हणायचा. चेंडू हो म्हणाला की मगच शिट्टी.

अर्णव, गेल्या रविवारी फोनवर तू सांगितलंस की तू आफ्रिकेतल्या देशांची सतरा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल स्पर्धा बघतोयस. मग हसत म्हणालास, "आजी, यांच्या मिशा बघ. सगळे अंकल आहेत." मागून ईराही हसली. मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. मला राग आला होता, आणि तो फक्त तुमच्यावरचा नव्हता. म्हणून फोनवर काढला नाही, इथे काढते आहे.

आजोबांच्या बँकेमुळे आम्ही जपानला गेलो आणि टोकियोजवळ ग्योतोकुला राहिलो. सुरुवातीला स्टेशनवर भारतीय चेहरा दिसला तर थांबून बोलायचो. दोन हजार सालानंतर चित्र पालटलं. पुण्या-मुंबईची सॉफ्टवेअरवाली जोडपी भराभर आली आणि सुपरमार्केटमधली भेंडी दुपारपर्यंत संपायला लागली. मुलांना खेळायला पाठवायचं तर जपानी क्लबात आयांनी पाळीपाळीने मैदानावर चहापाण्याला उभं राहायचं, आणि सगळ्या सूचना जपानीत. ते जमेना, म्हणून आमच्या लोकांनी रविवारचा स्वतःचा फुटबॉलचा गट काढला. माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं आणि अक्षर चांगलं, म्हणून मला सेक्रेटरी केलं.

कोच मात्र कुणी नेमला नव्हता. आम्ही जमायचो त्या नदीकाठच्या मैदानावर चेंडूला कान लावणारा हा एकटाच भिंतीवर चेंडू मारत असायचा. आमची मुलं त्याच्याभोवती जमली आणि महिन्याभरात तो कोच झाला. पश्चिम आफ्रिकेतला, सहा फुटांवर उंच, आणि बसायला बायकांची बुटकी सायकल. पेडल मारताना गुडघे हनुवटीला लागतील असं वाटायचं. देशाचं नाव लिहीत नाही. त्याच्याबद्दल त्याला न विचारता एकदा पुष्कळ लिहून झालं आहे.

उरायासुच्या गोदामात तो गोठवलेल्या मासळीचे खोके उचलायचा. रविवारी येताना दोनदा साबण लावून यायचा. हे त्यानेच सांगितलं. "तुमच्यातले काहीजण मासे खात नाहीत ना, मॅडम." आमच्यातल्या कुणी त्याची इतकी काळजी घेतल्याचं मला आठवत नाही. एका आईने मुलाला बजावलं होतं, कोचच्या बाटलीतलं पाणी प्यायचं नाही. मुलाने ते जाऊन त्यालाच जपानीत सांगून टाकलं. पुढच्या रविवारी तो एक नवी बाटली घेऊन आला. तिच्यावर कुणाकडून तरी जपानीत लिहून घेतलं होतं, 'मुलांसाठी'. स्वतः मैदानावरच्या नळाचं पाणी प्यायला. मी ते पाहिलं आणि हजेरी घेत राहिले.

साबुदाण्याची खिचडी त्याला फार आवडे. आधी एक दाणा बोटावर घेऊन उन्हात धरायचा, मग खायचा. "मॅडम, तुम्ही मणी शिजवता," म्हणायचा. पेनल्टीच्या सरावात तो गोलात उभा राहायचा आणि लहानग्यांचा चेंडू आला की इतक्या खोटेपणाने उलट्या बाजूला झेप घ्यायचा की मोठी मुलं पोट धरून हसायची.

एका थंडीत सराव लवकर आटोपला. यंत्रातून गरम कॉफीचे डबे काढून आम्ही बाकावर बसलो, तेव्हा मी विचारलं, इतकं कुठे शिकलास. तो देशाच्या सतरा वर्षांखालच्या संघाचा गोलकीपर होता. आफ्रिकेतल्या देशांची स्पर्धा, पहिला विमानप्रवास, उपांत्यपूर्व सामन्यात दोन पेनल्टी अडवलेल्या. उपांत्य सामन्याच्या सकाळी समोरच्या संघाने तक्रार केली. याच्या पासपोर्टवर एक जन्मतारीख होती आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी. दाखल्याप्रमाणे तो स्पर्धेच्या वयोमर्यादेपेक्षा चार महिन्यांनी मोठा ठरत होता.

दाखल्यावरची तारीख आली कुठून, तर हेडमास्तरांनी घातली होती. गावात जन्माचा कागद कुणाकडेच नसे. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायचा. पकडता आला तर सहा वर्षांचा, घ्या शाळेत. याचे हात पहिल्यापासून लांब. त्याला कान एक वर्ष आधीच सापडला. पासपोर्टवरची तारीख त्याच्या आईने सांगितलेली. ज्या वर्षी नदीवरचा पूल वाहून गेला त्या वर्षी झाला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण चौकशीत आईला कुणी विचारलं नाही. "हातमोजे संघात एकच जोडी होती," तो म्हणाला. "मी काढून दुसऱ्या गोलकीपरला दिले. अजून गरम होते." संघ हरला, आणि विमानतळावर लोकांनी शिव्या दिल्या त्या याला.

मी त्याला सांगितलं की आमच्या खेड्यांतही हात असाच कानाला लावून बघायचे, आणि मास्तर सरसकट एक जून ही तारीख टाकून मोकळे व्हायचे. आजोबा मार्गशीर्षातले, पण कागदावर एक जून, तेही एक वर्षाने लहान. त्याला कॉफीचा ठसका लागला. "मग तुमचे मिस्टर आमच्याच संघातले, मॅडम."

हे सगळं मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना ते विसरू नका.

दोन महिन्यांनी एका प्रोजेक्ट मॅनेजर वडिलांनी इंटरनेटवर त्याचं नाव शोधलं. एक जुनी बातमी सापडली, वय चोरल्यामुळे हाकललेला गोलकीपर, दोन्ही जन्मतारखांसकट. त्यांनी ती सगळ्यांना मेलने पाठवली आणि त्यांच्याच घरी मीटिंग बोलावली. अकरा घरची माणसं, चहा, चिवडा. सुरुवातीला गप्पा चालल्या होत्या. कुणाचे वडील एकतीस मेला रिटायर होणार म्हणून तो सुट्टी काढून पुण्याला निघाला होता. लगेच दुसरा म्हणाला, "म्हणजे एक जूनवाले. आमचे बाबापण." तिसऱ्याच्या घरी तर काका, आत्या, वडील, सगळ्यांची एक जून. "आजीला एकाच दिवशी तीन मुलं झाली," तो म्हणाला आणि खोलीभर हशा पिकला. तुमचे आजोबाही हसले. मीही हसले.

चहाचे कप उचलले गेले आणि विषय निघाला. मुलांसमोर प्रामाणिक माणूस हवा, असं ठरत गेलं. "काकू, त्यांच्याकडे सगळे असंच करतात," प्रोजेक्ट मॅनेजर मला समजावून सांगत होते. त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर, दहा मिनिटांपूर्वी काय चाललं होतं ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. माझ्या होतं. मी मान खाली घालून मीटिंगचा वृत्तांत लिहीत होते. एक जूनवरचा हशा त्यात लिहिला नाही, कारण तो अजेंड्यावर नव्हता.

पत्रही मीच लिहिलं. आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत, गटाने अन्य व्यवस्था करण्याचे ठरवले आहे. माझ्या उत्तम इंग्रजीत. स्वल्पविराम दोनदा तपासले. आजही ते पत्र मला तोंडपाठ आहे आणि आजही मला माझ्या त्या स्वल्पविरामांचा संताप येतो.

रविवारी सराव सुरू होण्याआधी ते त्याच्या हातात दिलं. त्याने सावकाश वाचलं, घडी केली.

"मॅडम, तुम्ही त्यांना हेडमास्तरांचं सांगितलंत ना?"

"विषय निघाला नाही," मी म्हटलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने शिट्टी माझ्या हातात ठेवली आणि सांगितलं की कुणाचा घोटा कच्चा आहे, कुणाचे बूट लहान होतात पण तो घरी सांगत नाही. मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. ती पेनल्टीसाठी रांगेत उभीच होती. तो गोलात जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. सगळ्यात लहान मुलीचासुद्धा नाही. प्रत्येक चेंडू छातीशी धरायचा आणि परत द्यायचा. मुलं रडवेली झाली. कुंपणापाशी वडील मंडळी टाळ्या वाजवत होती, आणि त्यांत सगळ्यात पुढे प्रोजेक्ट मॅनेजर होते.

घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "अगं, तू तिथेच बोलायला हवं होतंस." मी म्हटलं, तारीख तुमची होती, तुम्ही का नाही बोललात? त्यांनी पेपर उघडला. पुढच्या मीटिंगला मी सगळं सांगितलं. कानाचं, आईचं, खोलीतल्या एक जूनवाल्यांची नावं घेऊन. "ते वेगळं, काकू," उत्तर आलं. "आपल्याकडे तेव्हा सिस्टिमच नव्हती." मी विचारलं, त्यांच्याकडे होती? कुणीतरी चहा आणला. मी सेक्रेटरीपद सोडलं. त्याने कुणाचं काही अडलं नाही.

मग एक पत्र मी माझ्या नावाने लिहिलं, माफीचं, आणि उरायासुच्या गोदामावर गेले. फाटकावरच्या माणसाने वाकून सांगितलं की तो काम सोडून गेला. माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा पत्ता दिला, तिथून पत्र पुढे जाईल म्हणाला. एजन्सीच्या काउंटरवर एक फॉर्म होता. ज्याला पत्र द्यायचं त्याचं नाव, जन्मतारीख. नाव लिहिलं. मग पेन तिथेच थांबलं. त्या मेलमधल्या दोन्ही तारखा मला ठाऊक होत्या. त्या स्पर्धेनंतर त्याला नवे कागद करावे लागले असतील, त्यांवर कुठली तारीख घातली गेली हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. मागे लोक खोळंबले होते. मी त्याच्या आईने सांगितलेली तारीख लिहिली.

तीन आठवड्यांनी पाकीट न उघडता परत आलं. सोबत एक छापील चिठ्ठी होती, ती शेजारच्या जपानी बाईंनी मला वाचून दाखवली. या नावाचा आणि या जन्मतारखेचा माणूस आमच्याकडे कधीही कामाला नव्हता. गैरसोयीबद्दल क्षमस्व.